२४० खिळ्यांची खानावळ

गुरुवारी साडेबाराच्या आत पोचलात तर पाटवडी मिळते. एक वाजता गेलात तर रस्सा असतो, वड्या संपलेल्या असतात. रस्साही वाईट नाही, पण त्या गल्लीत चढून जायचं ते वडीसाठी. बेसन घोटून घोटून इतकं मऊ केलेलं असतं की रश्श्यात बुडवल्यावर वडी फुटत नाही, तरी घास घेताना दातांना काही करावं लागत नाही. वरून सांबार, म्हणजे आम्हा नागपूरकरांचा सांबार, कोथिंबीर, ताजी चिरलेली.

खानावळ गणेशपेठेत आहे. एसटी स्टँडकडून गांधीसागराकडे जाताना एका आडगल्लीत, पहिल्या मजल्यावर. नावाचा फलक नाही, आणि लिहायला परवानगी देताना नाव लिहू नका एवढीच अट मालकांनी घातली, म्हणून इथेही नाव नाही. स्टँडवरच्या कोणत्याही कंडक्टरला विचारा, तो बोट दाखवेल. मी गेले सात महिने तिथे जेवते आहे. महानगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले, वाड्यातल्या माझ्या बिऱ्हाडात एकटी असते, आणि एकटीसाठी चार भांडी घासायचा कंटाळा येतो.

साधं ताट ११० रुपये. दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, एक सुकी भाजी, एक रस्साभाजी, वरण, भात, जवसाची चटणी, कांदा. महिनेवारी दोन्ही वेळचे ३,४०० रुपये. खाडा तीन दिवसांच्या वर असेल तरच धरतात, आणि तोही आदल्या रात्री सांगितला तर. शनिवारी सकाळी गोळाभात असतो. गोळे भरड डाळीचे, हाताला दाणा लागेल असे, आणि त्यावर वाढणारा मुलगा पळीतून कडकडीत फोडणीचं तेल ओततो तेव्हा सगळी पंगत क्षणभर गप्प होते. हिवाळ्यात भरिताची वांगी गच्चीवर पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धूर येत नाही. ज्यांनी लहानपणी कापसाच्या शेतावर भरीत खाल्लं आहे त्यांना पहिल्या घासाला कळतं. रविवारी सावजी रस्सा, जवसाच्या तेलातला, १६० रुपये वेगळे. मी तो अर्धाच खाऊ शकते. तिखट आहे, पण खसखस, दगडफूल आणि भाजलेलं खोबरं त्या तिखटाखाली नीट ओळखू येतात, नुसती आग नाही.

उणं काय, तेही सांगते. जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी जपून. संध्याकाळी साडेनऊनंतर पोळ्या गार असतात आणि वरणात पाणी वाढलेलं असतं. मी दोनदा बोलले, दोन्ही वेळा ऐकून घेतलं, फरक पडला नाही. हात धुवायला एकच नळ आहे.

आता त्या खिळ्यांच्या पाटीबद्दल, कारण हे सगळं लिहायला बसले ते तिच्यामुळे.

दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीवर सागवानी फळी आहे, माणसाच्या उंचीहून मोठी. तिच्यावर ओळीने खिळे ठोकलेले, प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात आकडा, १ ते २४०. महिनेवाल्याने पैसे भरले की त्याच्या आकड्याचा पितळी बिल्ला त्या खिळ्याला लागतो. जेवायला आला की बिल्ला काढून गल्ल्यावर द्यायचा, मग ताट. मालकांच्या वडिलांनी ही व्यवस्था केली ती एम्प्रेस मिलच्या कामगारांसाठी. मिल इथून हाकेच्या अंतरावर. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. भंडारा, बालाघाट, छत्तीसगडकडून आलेली एकटी माणसं बजेरियात खोल्या करून राहायची आणि इथे जेवायची. काकाजी, म्हणजे आत्ताचे मालक, तेव्हा शाळकरी होते. सगळे २४० खिळे भरलेले आणि वर यादीत नावं थांबलेली, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. मिल बंद पडली, जागेवर मॉल उभा राहिला. भोंगा नाही. मी बिल्ले मोजले त्या दिवशी ८६ होते.

काकाजींना कळलं की मी १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांत प्रगणक होते, तेव्हा त्यांनी माझ्या ताटासमोर खुर्ची ओढली. "बाई, तुम्ही तं माणसं मोजलेली. सांगा मले, हे खिळे पुन्हा भरतीन का?"

मी घास तोंडात घालून वेळ काढला. प्रश्न खानावळीचा होता, पण मला तो शहराचा वाटला. माझ्या वाट्याला आलेला मोजणीचा गट महाल या जुन्या वस्तीतला होता. जुने वाडे, अरुंद बोळ. तीन जनगणना मी तेच उंबरे चढले. दर वेळी दारं तेवढीच, आतली माणसं कमी. आमच्या स्वतःच्या वाड्यात माझ्या लहानपणी २७ माणसं होती, आज तिघं आहोत. आणि तरीही नागपूर २००१ च्या साडेवीस लाखांवरून २०११ मध्ये २४ लाखांवर गेलेलं. वाढ सगळी बाहेरच्या अंगाला. शहर फुगतं आणि त्याचं जुनं पोट रिकामं होतं, ही गोष्ट मी कागदावर लिहून सरकारला दिली आहे. मुंबईतही तेच आहे. गिरण्यांची मूळ मुंबई २००१ मध्ये ३३ लाखांची होती, २०११ मध्ये ३१ लाखांच्याही आत. कोलकाता महापालिकेचा आकडाही त्याच दहा वर्षांत ४५.७ वरून ४५ लाखांवर उतरला.

मी घरी जाऊन वही काढली. दुसऱ्या दिवशी वही घेऊनच गेले. त्यानंतर आमचं जे बोलणं झालं ते तीन आठवडे चाललं, जेवणं उरकल्यावर, दुपारी अडीच ते साडेतीन.

पहिल्यांदा मी त्यांना आपल्याच शहराचं उदाहरण दिलं, कारण ते ऐकून त्यांचा चेहरा उजळेल हे मला माहीत होतं. १९०१ साली नागपुरात १ लाख २७ हजार माणसं होती. १९११ साली १ लाख १ हजार. ते प्लेगचं दशक. दर पाच माणसांतलं एक कमी. आणि १९२१ साली? १ लाख ४५ हजार. दहा वर्षांत खड्डा बुजून वर भर पडली. काकाजी म्हणाले, "म्हंजे होते!" होतं, पण का झालं ते बघायला हवं. माणसं गेली होती, काम गेलं नव्हतं. मिल चालू होती, रेल्वे होती, कापसाचा बाजार होता, मध्य प्रांताची राजधानी इथेच होती. रोगाने रिकामी केलेली जागा काम पुन्हा भरून काढतं.

काम गेलं की गोष्ट वेगळी. त्यासाठी लांब जायला नको, कामठीला जा. १८२१ मध्ये वसलेली छावणी. व्यापाराच्या जोरावर १८८१ पर्यंत ती ५० हजारांच्या आसपास पोचली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला आलेली होती, व्यापार हळूहळू इकडे सरकला, फौजही कमी केली. १९०१ मध्ये कामठीत ३८,८८८ माणसं उरली. आज नुसती कामठी नगरपालिका ८० हजारांच्या पुढे आहे. म्हणजे कामठीने जुना आकडा मागे टाकला. पण कशाच्या बळावर? भोवतीच्या कोळसा खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं, आणि ज्या नागपूरने तिचा धंदा नेला त्याच नागपूरचा पसारा तिच्या दारापर्यंत आला म्हणून. जुना छावणी-व्यापार परत आला नाही. दुसरं काम आलं, आणि यायला वेळ लागला.

ह्या दोन उदाहरणांनी काकाजी खूश होते. मग मी अमेरिकेतलं डेट्रॉइट काढलं, आणि त्या दिवशी आमचं पटलं नाही.

माझा भाचा तिकडे असतो. मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. सगळ्यांना सांगतो डेट्रॉइटला राहतो, घर मात्र ट्रॉय नावाच्या शेजारच्या गावात. ह्या एका वाक्यात त्या शहराचं निम्मं दुखणं आहे. १९५० मध्ये डेट्रॉइटात साडेअठरा लाख माणसं होती. २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. दर तिघांतले दोघे कमी! कारखाने हलले, बंद पडले, मोठे रस्ते झाले, गोरी कुटुंबं गाडीत बसून उपनगरांत गेली आणि काळ्या कुटुंबांना तिथे घर घेऊ दिलं जात नव्हतं. शहर दरिद्री झालं, २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण शहर आणि भोवतालची गावं मिळून मोजलीत तर आजही ४० लाखांच्या वर माणसं आहेत. माझा भाचा त्यांतला एक. तो ट्रॉयच्या आकड्यात पडतो.

अलीकडे तिथे जरा धुगधुगी आहे. १९८८ पासून ओस पडलेलं जुनं मोठं रेल्वे स्टेशन फोर्डने विकत घेऊन दुरुस्त केलं, २०२४ मध्ये ते उघडलं. त्याच वर्षी जनगणना खात्याचा अंदाज आला की शहराची वस्ती १९५७ नंतर पहिल्यांदा वाढली. वाढली किती, तर दोन हजारांच्याही आत. भाच्याने मला स्टेशनचे फोटो पाठवले होते, ते मी काकाजींना दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"मंग साडेअठरा लाख होतीन का नाही?"

मी म्हटलं, माझ्या मते नाही. त्यांना राग आला. त्यांनी पाटीकडे हात केला. "खिळे तं तितलेच हायेत!"

खिळे तेवढेच आहेत, हे खरं. पण त्यावर बिल्ले कसे लागत होते ते मी त्यांनाच विचारलं. दालनात बसायची जागा आहे ३६ माणसांची. २४० माणसं दोन वेळा जेवायची कशी? तर मिल तीन पाळ्यांत चालायची. सकाळी दहापासून रात्री बारापर्यंत पंगत उठायची आणि बसायची. बजेरियातल्या खोलीतही तेच, एका खाटेवर तीन पाळ्यांची तीन माणसं आळीपाळीने झोपायची. आता सगळे जेवायला येतात साडेबारा ते दोन आणि आठ ते साडेनऊ. एका वेळेला फार तर चार पंगती होतात. चार छत्तीस एकशे चव्वेचाळीस. दाराबाहेर रांग लागली, एकही जागा रिकामी राहिली नाही, तरी १४५ वा बिल्ला लावायला जागा नाही. २४० हा आकडा भिंतीचा नव्हता, पाळ्यांचा होता.

शहरांचं असंच आहे आणि हे फार थोडे लोक लक्षात घेतात. १९५० मध्ये अमेरिकेत एका घरात सरासरी ३.४ माणसं राहायची, आज अडीच. घरं सगळी भरली, एकाही खिडकीला फळी ठोकलेली नसली, तरी माणसं चौथ्या हिश्श्याने कमी. आमचा वाडा उद्या लखलखीत दुरुस्त करून चार कुटुंबांना दिला तरी २७ माणसं होणार नाहीत. चार कुटुंबांची बारा होतील. आणि ती बारा माणसं त्या सत्तावीसांपेक्षा सुखात राहतील, हेही मला माहीत आहे, कारण त्या सत्तावीसांत मी होते आणि माजघरात पाचजणी एका पांघरुणात झोपायचो.

म्हणून जुना आकडा गाठलेली शहरं पाहिलीत तर ती नुसती भरली नाहीत, त्यांनी नवी घरं बांधली आणि परक्यांना दारं उघडली. न्यूयॉर्क १९७० मध्ये ७९ लाखांचं होतं, १९८० मध्ये ७१ लाखांवर आलं. दहा वर्षांत आठ लाख माणसं कमी. २००० मध्ये ते ८० लाखांवर पोचलं. त्या तीस वर्षांत शहरातल्या परदेशात जन्मलेल्यांचा वाटा १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेला. गेलेले परत आले नाहीत, दुसरेच आले. लंडनला जास्त वेळ लागला. १९३९ मध्ये ८६ लाख, मग युद्ध, मग बाहेर नवी गावं वसवून माणसं तिकडे हलवली, १९८० च्या दशकात ६८ लाखांच्या आसपास. १९३९ चा आकडा ओलांडायला २०१५ उजाडलं.

जर्मनीतलं लाइपझिग मला सगळ्यांत जवळचं वाटतं. १९३० च्या दशकात ७ लाखांवर, जर्मनी एक झाल्यावर कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेला गेले, १९९८ मध्ये ४ लाख ३७ हजार. मग मोटारींचे कारखाने आले, विमानाने माल पाठवणारी मोठी कंपनी आली, जुन्या प्रशस्त इमारतींत स्वस्तात घरं मिळत होती म्हणून विद्यार्थी टिकले. आता ६ लाखांच्या वर. पण त्यातला काही भाग आजूबाजूची गावं हद्दीत घेतल्यामुळे आला. उलट अमेरिकेतल्या सेंट लुईसची हद्द १८७६ मध्ये आखली ती आजतागायत तशीच. तिथे १९५० मध्ये साडेआठ लाख माणसं होती, २०२० मध्ये ३ लाख १ हजार, म्हणजे १८८० पेक्षाही कमी. मोजणीत रेघ कुठे ओढली यावर किती अवलंबून असतं हे प्रगणकाला सांगावं लागत नाही. माझ्या गटाची हद्द एका नालीवरून जायची. नालीपलीकडचं बाळ माझं नव्हतं.

हे सांगत असताना काकाजींची सून डबे घेऊन बाहेर निघाली होती. मी तिला सहज विचारलं, किती?

"एकशे बत्तीस, बाई."

हे डबे तिने सुरू केले आहेत. मनीषनगर, बेसा, मिहानच्या कंपन्या, हिंगणा एमआयडीसी, सगळं शहराच्या बाहेरच्या अंगाला. तीन मुलं दुचाकीवर नेतात. सकाळी दहाला पहिली खेप निघते. ह्या १३२ माणसांना पाटीवर खिळा नाही. ८६ आणि १३२ मिळून २१८. तीन पाळ्यांची मिल नाही, बजेरियातल्या खोल्या नाहीत, तरी ही चूल जवळजवळ तेवढीच माणसं जेवू घालते आहे. फक्त ती ट्रॉयला जेवतात.

मला वाटलं हे ऐकून काकाजी निवतील. ते म्हणाले, "डब्याचा माणूस पाटावर बसत नाही. त्याचं तोंड मले दिसत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. आकडा मी बरोबर मांडला होता, पण त्यांची गल्ली रात्री नऊला सामसूम होते ती होतेच. खालचा पानठेला बंद झाला, शेजारचा न्हावी मानेवाड्याला गेला. भोवतालची गावं मिळून ४० लाख होतात म्हणून डेट्रॉइटच्या ओस रस्त्यावरच्या म्हातारीला शेजार मिळत नाही. जनगणनेच्या तक्त्यात ही रिकामी जागा दिसत नाही.

पण ८६ पर्यंत तरी पाटी कशी आली हे मी सुनेकडून काढून घेतलं. मधल्या काळात ती ३१ वर गेली होती. तिने स्पर्धा परीक्षेच्या पोरांना धरलं, गडचिरोली-गोंदियाकडून आलेले. मग खासगी दवाखान्यांतल्या नर्सेस. त्यांत केरळच्या सहाजणी आहेत, म्हणून सोमवारी दहीभात आणि लिंबाचं लोणचं सुरू झालं. मेट्रोच्या कामावरचे बिहारी कारागीर आले तेव्हा भात वाढवला आणि चोखा ताटात आला. काकाजींनी दहीभाताला आठ दिवस विरोध केला. नवव्या दिवशी स्वतः खाल्ला. माझं मत असं आहे की खिळे भरण्याचा मार्ग ह्या दहीभातातून जातो. आणि आमच्या महालात रिकाम्या खोल्या कुलूप लावून ठेवणारे, भाडेकरूचं आडनाव आणि गाव विचारून दार लावून घेणारे घरमालक मी तीन जनगणनांत पाहिले आहेत. वस्ती ओस पडली म्हणून तेच रडतात. मला त्यांचा राग येतो. माणूस दारात उभा असताना त्याला परत पाठवायचं आणि मग शहर संपलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

माझा अंदाज मी काकाजींना लिहून दिला आहे: पाटी १२० पर्यंत जाईल, जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा बसवला आणि संध्याकाळच्या पोळ्या साडेनऊनंतरही गरम दिल्या तर १३५. २४० नाही. त्यांनी कागद घडी करून गल्ल्यात ठेवला. आता २०२७ ची जनगणना येते आहे, २०२१ ची झालीच नव्हती. महालातल्या माझ्या गटात या वेळी दुसरी कोणी मास्तरीण जाईल. तिचा आकडा मला बघायचा आहे.

गेल्या सोमवारी बिल्ले ९१ होते. सुनेने पाटीच्या खाली दुसरी लहान फळी ठोकली आहे, तिच्यावर डब्यांचे आकडे खडूने. काकाजी ती पुसत नाहीत, पण बघतही नाहीत.

वेळ सकाळी साडेअकरा ते अडीच, रात्री साडेसात ते दहा. मंगळवारी रात्री बंद. पैसे मोबाइलवरून चालतात. एकट्या बाईला तिथे कधी अवघडल्यासारखं होत नाही, खिडकीकडची दोन टेबलं नर्सेस आणि आम्ही धरून असतो. पहिल्यांदा जाणार असाल तर शनिवारी सकाळी जा, गोळाभातावर तेल जरा जास्त मागून घ्या, आणि गुरुवारचं सांगितलंच आहे.